मी न मारलेली लात

सुरुवातीलाच सांगून ठेवतो: टेकचंदला मी लात मारलेली नाही. हे वाक्य मी आजवर कार्यालयात, घरात, पवनीच्या बसस्थानकावर, एका लग्नाच्या पंगतीत आणि एकदा सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना उच्चारलेलं आहे. प्रत्येक ठिकाणी ऐकणाऱ्याने समजूतदारपणे मान हलवली आणि "असू द्या ना, होते कधी कधी," असं म्हटलं. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा माणूस एक वेळ सोसतो. न केलेल्या गुन्ह्याची लोक क्षमा करू लागले, की मात्र त्याला चेहरा कुठे ठेवावा ते कळत नाही.

आमचं खातं कुठलं ते सांगत नाही. प्रकरणाची चौकशी झालेली आहे, आणि चौकशी झालेल्या प्रकरणात खात्याचं नाव घेणाऱ्याची वेगळी चौकशी होते. एवढं पुरे की कार्यालय पवनीत आहे, त्याला मोठं आवार आहे, आवारात कडुनिंबाचं झाड आहे आणि नव्याने आलेल्या साहेबांना बॅडमिंटनची आवड आहे. आधीच्या साहेबांना भजनाची आवड होती, तेव्हा आम्ही सगळे टाळ वाजवायला शिकलो होतो. त्याआधीच्या साहेबांना कशाचीच आवड नव्हती. तो काळ आमच्या कार्यालयात सुवर्णकाळ मानला जातो.

तर या साहेबांनी कर्मचारी आरोग्य सप्ताह जाहीर केला. फक्की टाकून आवारात कोर्ट आखलं गेलं. जाळीचं एक टोक कडुनिंबाला आणि दुसरं टोक लिलावाची वाट पाहत उभ्या असलेल्या जुन्या जीपच्या कॅरिअरला बांधलं. दुहेरीच्या सामन्यांत मी आणि टेकचंद अशी जोडी लागली. टेकचंद म्हणजे माझा कॉलेजपासूनचा मित्र, कार्यालयात शेजारच्या टेबलावर, कॉलनीत शेजारच्या घरात. दोन्ही घरांमध्ये एकच भिंत. त्याच्याकडे फोडणी पडली की माझ्याकडे शिंका येतात. शरीराने तो भरीव आहे. त्या दिवसापर्यंत त्याने खेळलेला सर्वांत दगदगीचा खेळ म्हणजे कॅरम.

आम्ही अंतिम फेरीत कसे पोचलो, याबद्दल लोकांनी नंतर बऱ्याच शंका काढल्या, म्हणून खुलासा करतो. धानाचे दिवस होते. निम्मे कर्मचारी घरचं धान चुरायला, म्हणजे मळणीला, गावी गेले होते. पहिल्या फेरीतली आमची प्रतिस्पर्धी जोडी आलीच नाही. दुसऱ्या फेरीतली जोडी आली, पण तिने रॅकेट आणल्या नव्हत्या. अशा रीतीने एकही शटल न मारता आम्ही अंतिम सामन्यात साहेब आणि कुंदन यांच्यासमोर उभे राहिलो.

कुंदन हा आमचा तरुण लिपिक. साहेबांचा जोडीदार म्हणून त्याचं काम एकच होतं, प्रत्येक शटल साहेबांसाठी सोडायचं आणि साहेबांनी मारलं की "क्या बात है सर!" म्हणायचं. आमचंही ठरलेलं होतं. सन्मानाने हरायचं आणि नाश्त्याला बसायचं. पण टेकचंदला खेळ चढला. एकदोन शटल त्याच्या रॅकेटला आपोआप लागून पलीकडे पडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो माणूस माझं ऐकेना. मी मागून हळूच म्हणतोय, "अरे टेकचंद, सोड ना बे," आणि तो जाळीपाशी दात-ओठ खात उभा.

गुण बरोबरीत आले. साहेबांनी एक शटल उंच मारलं. ते टेकचंदच्या डोक्यावरून मागे माझ्याकडे येऊ लागलं. मी ओरडलो, "माझं! माझं!" टेकचंद ऐकतो कसला! जाळीपासून उलटा धावत आला, डावा पाय मागे रोवला आणि त्या पायावर जोर देऊन वर उसळला. किंवा उसळणार होता. कारण त्याच क्षणी आवाज झाला. फट्ट! वाळका बांबू गुडघ्यावर मोडावा तसा.

टेकचंद मटकन खाली बसला. पायाकडे त्याने पाहिलंच नाही. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि कॉलेजपासून आजतागायत माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं अशा नजरेने पाहत म्हणाला,

"काहून मारली बे लात?"

मी माझ्या मागे पाहिलं. मागे स्वच्छतागृहाची भिंत होती.

"मी?"

"मंग कोन? मांगं तूच होता ना!"

सामना बघायला अख्खं कार्यालय होतं. पण सामना बघणारा माणूस शटलकडे बघतो, कोणाच्या पायांकडे बघत नाही. त्यामुळे लात कोणीच पाहिली नव्हती आणि आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला होता. आमचा शिपाई टिकाराम मोबाइलवर चित्रण करत होता. तो सच्चा कलावंत असल्यामुळे त्याने नेमक्या त्या क्षणी कॅमेरा शटलबरोबर आकाशात नेला. आकाश, कडुनिंबाचा शेंडा, फट्ट असा आवाज, आणि कॅमेरा खाली येतो तर टेकचंद जमिनीवर, मी त्याच्या मागे, आणि माझा उजवा पाय हवेत. तो पाय मी टेकचंदवर पडू नये म्हणून उचलला होता. हे मी प्रत्येकाला सांगितलं. चित्रफीत संध्याकाळपर्यंत तालुक्यात पोचली होती.

सामना अर्थात साहेबांना बहाल झाला. त्यामुळे लातीला हेतूही मिळाला. मी भंडाऱ्याला बदली मागितली होती, ही गोष्ट कार्यालयात कोणालाच माहीत नव्हती, असं मी समजत होतो. ती सगळ्यांना माहीत होती. "बदलीसाठी मानूस दोस्ताले लात मारते," असं वाक्य मी स्वतःच्या कानांनी पाण्याच्या माठापाशी ऐकलं. बोलणाऱ्याच्या स्वरात निषेध नव्हता. अभ्यास होता.

टेकचंदला घरी आणल्यावर उपचार सुरू झाले. आमच्या कॉलनीत दुखापत एकाला झाली तरी ती सगळ्यांची असते. निवृत्त पीटी मास्तर पुंडलिकराव गळ्यात शिट्टी अडकवून आले. शाळा सुटून वर्षं झाली, शिट्टी सुटलेली नाही.

"खेळातल्या दुखापती चार प्रकारच्या," त्यांनी जाहीर केलं. "मुरगळ, लचक, सांधा सरकनं आन हाड मोडनं. पाचवा प्रकार नाही. बर्फ आना."

थंडीचे दिवस, बर्फ कुठून आणणार? शेवटी वैनगंगेची मासोळी विकणाऱ्या बाईकडून आणला. त्या बर्फाने पायाची सूज थोडी उतरली आणि कॉलनीतली तीन मांजरं टेकचंदच्या दिवाणाखाली राहायला आली.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे झाला. हाड शाबूत निघालं. सांधा जागच्या जागी. पुंडलिकरावांनी ती काळी फिल्म खिडकीसमोर धरून बराच वेळ पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "खुशालराव, एक मान्य करा लागते. मारली, पन बेतानं मारली तुम्ही. हाडाले धक्का नाही."

"मी मारलेलीच नाही मास्तर!"

"तेच तं म्हनतो. मनापासून नाही मारली."

"पण मग तो आवाज कशाचा?"

"लातीचा," पुंडलिकराव म्हणाले. त्यांच्या चार प्रकारांत आवाज बसत नव्हता, लातीत व्यवस्थित बसत होता.

समोरच्या म्हाताऱ्या गिरजाबाईंना चारही प्रकार मान्य नव्हते. "नस चढली हाय त्याची," असं म्हणून त्यांनी मोहाच्या बियांचं तेल कोमट केलं आणि रोज सकाळी पोटरी चोळायचं काम अंगावर घेतलं. संध्याकाळी टेकचंदची बायको शोभाताई हळद आणि चुन्याचा लेप लावत असे. सकाळी तेल, संध्याकाळी लेप. पायाला एक प्रकारचा रंग आला. टेकचंद चारपाच दिवसांत चालूही लागला, पण ते चालणं विचित्र होतं. पाऊल सपाट उचलायचा, सपाट ठेवायचा, धानाच्या ओल्या बांधीतून गाळ तुडवत निघाल्यासारखा.

घरी मला आधाराची अपेक्षा होती. माझी बायको करुणा भाजी निवडत होती. मी तिला सगळा प्रसंग कोर्ट आखून दाखवावा तसा समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं.

"अजी, एक विचारू का? रागावसान नाही ना?"

"विचार."

"तुम्ही झोपेत लाता मारता, हे माहीत आहे ना तुम्हाले?"

"झोपेत! मी तिथं जागा होतो."

"म्हनजे तुम्हाले असं वाटते," करुणा म्हणाली आणि मेथीची पुढची जुडी घेतली.

खरं सांगायचं तर त्यानंतर मलाही शंका येऊ लागली. टिकारामची चित्रफीत मी स्वतः वारंवार पाहिली. माझा तो हवेतला पाय जितका पाहावा तितका गुन्हेगार दिसायचा. आपण ज्याला आपला पाय म्हणतो, तो आपल्याला न विचारता कधी काय करील याची खात्री कोण देणार? मी पायाकडे जरा संशयाने बघू लागलो.

त्याच सुमारास काही लोक मला चहा पाजू लागले. टेकचंद हा प्रवासभत्त्याच्या बिलांवर आक्षेप काढणारा माणूस. ज्यांची बिलं त्याने परत पाठवली होती, ते सगळे एकेक करून माझ्या टेबलाशी आले. कोणी हात दाबला, कोणी नुसताच भावूक होऊन पाहत राहिला. एकाने तर विचारलं, "जोरात बसली होती ना?" मी म्हणालो, मारलीच नाही. तो डोळा मारून म्हणाला, "बरोबर आहे. असंच म्हनत जा." माझ्या नोकरीच्या काळात मला मिळालेला हा सर्वांत मोठा मान, आणि तो घेता येत नव्हता.

साहेबांची अडचण वेगळी होती. लातीचा फायदा त्यांना झालेला. तेव्हा आपण निःपक्ष आहोत हे दाखवायला त्यांना चौकशी लावणं भाग होतं. मला नोटीस आली. 'आपण सहकारी कर्मचाऱ्यास पाठीमागून लत्ताप्रहार केल्याचे निदर्शनास आले असून...' लत्ताप्रहार हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो. लातीपेक्षा तो शब्दच जास्त लागला.

कुंदनने मला वाट दाखवली. "साहेबाच्या मनात काही नाही, सर. एक दिलगिरी लिहून द्या ना. 'लागली असल्यास दिलगीर आहे.' 'असल्यास' मंधी सगळं येते. तुम्हीबी सुटले, साहेबबी सुटले."

मी 'असल्यास' लिहिलं. त्याखाली रेघही मारली. पण कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर जाताना त्याचा सारांश होतो आणि सारांशात पहिला बळी 'असल्यास'चा जातो. वर गेलेल्या अहवालात आलं, 'संबंधिताने लात लागल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आहे.' आता मी कागदोपत्रीही लात मारलेला माणूस झालो.

हे सगळं एकीकडे. दुसरीकडे ती एक भिंत. रोज सकाळी टेकचंद भिंतीवरून वर्तमानपत्राची आतली पानं माझ्याकडे टाकायचा. ते बंद झालं. मला आतल्या पानांत काही रस होता असं नाही. पण बाहेरची पानं वाचून झाल्यावर हात आपोआप भिंतीकडे जायचा. करुणाने त्यांच्याकडे चिवड्याची वाटी पाठवली, तर शोभाताईंनी ती धुऊन, पुसून, रिकामी परत केली. आमच्याकडे वाटी रिकामी परत येत नाही. करुणा ती वाटी हातात घेऊन दारात उभी राहिली आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "भोगा."

तेव्हा मी ठरवलं, आता आपण निर्दोष आहोत हे शास्त्राने सिद्ध करायचं. खेळातल्या दुखापतींचा अभ्यास सुरू केला. मोबाइलवर या विषयाला वाहिलेले डॉक्टर लोक पुष्कळ आहेत आणि ते फार प्रेमाने समजावतात. मुरगळ म्हणजे सांध्याला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या ताणल्या जातात, सूज येते, निळं पडतं. लचक म्हणजे स्नायू ताणला जातो. सांधा निखळला तर आकारच बदलतो, ते आंधळ्यालाही कळतं. हाड मोडलं तर पाय टेकवत नाही. डोक्याला मार लागून माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला तर त्याला खेळू देऊ नये. हे शेवटचं लक्षण मला आमच्या साहेबांत आढळलं, पण त्यांना डोक्याला मार लागल्याचं ऐकिवात नव्हतं.

अर्धवट ज्ञान माणसाला गप्प बसू देत नाही. मी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दुखापती ओळखू लागलो. कुंदनचं कोपर दुखत होतं. त्याला मी रॅकेटवाल्यांचं कोपर ठरवलं. टिकाराम गुडघा धरून चालत होता. मी त्याला गुडघ्याच्या आतल्या गादीबद्दल सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि सांगितलं की तो सकाळी मोटारसायकलवरून पडला होता. बसस्थानकावर एका वाहकाची मान वाकडी दिसली म्हणून मी थांबून चौकशी केली. तो खांद्याने कानाशी फोन धरून बोलत होता.

आणि मग एका दुपारी डबा खाताना ते सापडलं. पोळीचा तुकडा हातात, समोर मोबाइल, त्यात एक हसतमुख हिंदी डॉक्टर. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी, म्हणजे कंडरा, याविषयी तो बोलत होता. चाळिशी उलटलेला, रोज न खेळणारा माणूस एकदम उसळी मारायला जातो आणि ती तुटते. फट्ट असा आवाज येतो, तो आसपासच्यांनाही ऐकू जातो. एक्स-रेत हाड ठीक दिसतं. आणि पुढे तो डॉक्टर म्हणाला, "मरीज़ अक्सर पीछे मुड़कर देखता है कि लात किसने मारी."

मी उभा राहिलो. ते वाक्य पुन्हा लावलं. कुंदनला ऐकवलं, टिकारामला ऐकवलं, मोबाइल वर धरून सगळ्या कार्यालयाला ऐकवलं. "ऐका! अक्सर! अक्सर म्हणतोय तो!" जगात कुठे कुठे किती निरपराध माणसं अशीच मित्रांच्या मागे उभी असतील!

चित्रफीत चालूच होती. डॉक्टर अजून हसतच होता. तो म्हणाला, लोक याला मोच, म्हणजे मुरगळ, समजून मालीश करत बसतात. रुग्ण चालतो, म्हणून वाटतं बरं होतंय. पण दोन टोकं एकमेकांपासून लांब सरकत जातात, आणि फार उशीर झाला तर माणूस जन्मभर लंगडतो.

पोळीचा तुकडा मी डब्यात परत ठेवला. गिरजाबाईंचं तेल सकाळ-सकाळी चालूच होतं.

मी तसाच टेकचंदच्या घरी गेलो. तो त्या दिवशी रजेवर होता, पायाला पुन्हा सूज आली म्हणून. बाहेरच्या खोलीत दिवाणावर पालथा पडला होता. गिरजाबाई पोटरी चोळत होत्या, पुंडलिकराव देखरेख करत होते, शोभाताई लेप खलत होत्या. मी दारात दिसताच सगळे थांबले. आरोपी स्वतःहून घटनास्थळी आला की थांबतात तसे.

"टेकचंद, ऐक. तुझी लात माझी नाही. म्हणजे तुला लात बसलीच नाही. तुझी दोरी तुटली आहे."

टेकचंद उशीत तोंड ठेवूनच बोलला. "वहिनीले सांग, तुह्या डोक्यावर तेल टाकाले."

मी मोबाइल पुढे केला. त्याने तिकडे पाहिलंही नाही. "आदी लात मारली, आता डॉक्टर झाला. चौकशीतून सुटाची तरकीब होय हे, मले समजत नाही काय?"

बोलून भागणार नव्हतं. चित्रफितीत एक परीक्षा दाखवली होती. माणसाला पालथं झोपवायचं, पाय बाहेर लोंबता ठेवायचा आणि पोटरी दाबायची. दोरी शाबूत असेल तर पाऊल आपोआप हलतं. टेकचंद पालथा होता, पाय बाहेर लोंबत होता. एवढी सोय पुन्हा झाली नसती. मी पुढे झालो आणि दोन्ही हातांनी त्याची डावी पोटरी दाबली.

"मेलो!" टेकचंद ओरडला. "पाहा! पाहा! दुसऱ्यांदा!"

गिरजाबाईंनी तेलाची वाटी उचलली, ती माझ्या डोक्यात घालायला की वाचवायला ते कळलं नाही. पुंडलिकरावांनी सवयीने शिट्टी वाजवली. त्या गोंधळात फक्त शोभाताई पायाकडे बघत होत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "पाऊल हाललं नाही."

मी उजवी पोटरी दाबली. उजवं पाऊल टुणकन हललं. पुन्हा डावी. काही नाही. पाऊल तसंच लोंबत राहिलं, दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं.

"कोनाचं काय, कोनाचं काय," पुंडलिकराव म्हणाले. "काही लोकाईचं हालतच नसन."

तेव्हा मी जमिनीवर पालथा पडलो. पँट गुडघ्यापर्यंत वर केली. सुपरिंटेंडंटच्या दर्जाचा माणूस मित्राच्या बाहेरच्या खोलीत फरशीवर पालथा पडून "दाबा मास्तर, दाबा," म्हणत होता. पुंडलिकरावांनी शाळेतल्या ताकदीने दाबलं. माझं पाऊल हललं, मीही हललो. मग पुंडलिकराव स्वतः पालथे झाले, त्यांचंही हललं. गिरजाबाईंनी पडायला नकार दिला, पण खुर्चीवर गुडघे टेकून पोटरी पुढे केली. त्या वयात त्यांचं पाऊल सगळ्यांत चांगलं हललं. त्यांना त्याचा आनंदही झाला. मग त्यांनी टेकचंदच्या पायाकडे पाहिलं आणि तेलाची वाटी हळूच दिवाणाखाली सरकवली.

शोभाताईंनी हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "भाऊजी, गाडी बोलवा. भंडाऱ्याले जाऊ."

भंडाऱ्याच्या वाटेवर टेकचंद एका खिडकीतून बाहेर बघत होता, मी दुसऱ्या. शोभाताई मधे बसल्या होत्या आणि दोघांनाही आळीपाळीने पाणी देत होत्या.

हाडांचे डॉक्टर तरुण होते, घाईत होते. टेकचंदला पालथं झोपवून त्यांनी पोटरी दाबली, टाचेच्या वर बोटाने चाचपलं. तिथे खळगा होता. मग सहज विचारलं, "लागलं तेव्हा मागून कोणी लात मारल्यासारखं वाटलं का?"

"वाटलं नाही," टेकचंद म्हणाला. "मारलीच. हा काय, संगच आला आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसू लागले. त्यांनी टेकचंदला समजावलं की असे पेशंट त्यांनी बरेच पाहिलेत, आणि बऱ्याच जणांनी कोणा ना कोणाचं नाव घेतलेलं आहे. एकाने तर भिंतीचं घेतलं होतं. मग ते गंभीर झाले. बरेच दिवस फुकट गेलेत, म्हणाले, अजून थोडे गेले असते तर काम फार कठीण झालं असतं. ऑपरेशन लगेच करावं लागेल. टेकचंदने छताकडे पाहिलं. माझ्याकडे पाहायचं तो टाळत होता, आणि या वेळी कारण वेगळं होतं.

निर्दोष ठरल्यावर आपलं कसं स्वागत होईल याच्या मी काही कल्पना केल्या होत्या. त्या न सांगितलेल्या बऱ्या. डॉक्टरांचा दाखला घेऊन मी साहेबांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे लात मारलीच नव्हती?"

"नाही साहेब."

"मग तुम्ही दिलगिरी कशाबद्दल व्यक्त केली?"

साहेबांनी फार विचार करून सांगितलं की अहवाल वर गेलेला आहे, वरून 'समज देण्यात यावी' असं आलेलं आहे, आणि न मारलेल्या लातीची समज परत घेण्याची तरतूद नियमांत नाही. तेव्हा त्यांनी मला समज दिली. दिली म्हणजे, "पुढे काळजी घ्या," एवढं म्हणाले. मी घेतो म्हणालो. माझ्या सेवेच्या नोंदींत ती आजही आहे.

चहा पाजणारेही कमी झाले. एक जण तर माझ्यावर चिडलाच. "नव्हती मारली, तं आदीच सांगाचं ना!" असं म्हणून तो दुसऱ्या टेबलाकडे निघून गेला.

ऑपरेशन नीट झालं. टेकचंदला घरी आणलं त्या दिवशी आमची गल्ली नळयोजनेसाठी खोदलेली होती. ती तशी नेहमीच कशासाठी तरी खोदलेली असते. रिक्षा कोपऱ्यावर थांबली. पुढे नाली, मातीचे ढिगारे आणि त्यांवर टाकलेल्या अरुंद फळ्या. डॉक्टरांनी पाय टेकवू नको म्हणून बजावलेलं, आणि कुबड्या त्या फळ्यांवर चालणं शक्य नव्हतं. पुंडलिकरावांनी चार माणसं, एक खुर्ची आणि एक दोरी अशी योजना मांडायला सुरुवात केली. ती योजना ऐकूनच टेकचंदचा चेहरा पडला.

मी त्याच्यासमोर पाठ करून वाकलो.

"बस," म्हणालो.

"पेलशील काय बे?"

"बस म्हणतो ना."

तो बसला. मी उठलो, म्हणजे उठण्याची क्रिया सुरू केली आणि ती काही वेळाने पूर्ण झाली. प्लास्टरचा पाय माझ्या कमरेजवळून पुढे निघालेला, शोभाताई मागे कुबड्या घेऊन, आणि दोन्ही बाजूंच्या दारांत अख्खी कॉलनी. करुणा फाटकाशी उभी होती. माझी मान खाली होती, त्यामुळे तिचा चेहरा दिसला नाही, फक्त चपला दिसल्या.

पहिली फळी ओलांडल्यावर कानाशी टेकचंदचा आवाज आला.

"खुशाल."

"काय?"

"पाय तेवढा दुखत नोहता बे त्या दिवशी, खेळताना."

"मंग लात-लात बोंबलत काहून होता?"

त्याचा श्वास मानेवर लागत होता.

"मले वाटलं ना, तू मारली. म्हनून."

मला दम लागला होता. शिवाय पुढची फळी डुगडुगत होती, आणि अशा वेळी माणसाने फळीकडेच बघावं. मी पाय ठेवला. फळी करकरली. गिरजाबाई त्यांच्या ओट्यावरून घाबऱ्याघुबऱ्या ओरडल्या, "खुशालराव, संभालून! पाडसान ना त्याले!"

"नाही पाडत, गिरजाबाई!" माझ्या पाठीवरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात टेकचंद ओरडला. "तो कायले पाडन मले?"